वाफसा

तुरीचं एक रोप उपटून पाहिलं.
ओढावंही लागलं नाही,
निघायची वाटच बघत असल्यागत हातात आलं.
मूळ तपकिरी, बोटांत साल सुटली,
वास सडक्या अंड्याचा.
तीन दिवस पाणी उभं होतं
बोरीकाठच्या आमच्या काळ्या रानात
आणि मी रोज बांधावरून
त्यात आभाळ बघत होतो.

अक्कलकोटाकडच्या माणसाला पाणी धरायचं कळतं.
बांध घालायचा, ताल टाकायची,
थेंबसुद्धा शेजाऱ्याला जाऊ द्यायचा नाही,
हे हात आपसूक करतात.
सोडायचं कसं
ते घरात कुणी कधी बोललंच नव्हतं.

अंधार पडल्यावर फावडं घेऊन
खालच्या अंगाला गेलो.
इथं फोडला की पाणी सरळ शरणव्वाच्या रानात,
तिचा उडीद काढणीला आलेला.
सकाळी म्हणता येतं, रात्री आपोआप फुटला.
पहिलं फावडं मारलंही होतं.

मागून बॅटरी चमकली.
लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर पोत्याची खोळ.
शिवी येईल म्हणून मी मान खाली घातली.
"तिथं नको रे बसू," ती म्हणाली,
"तिथं चढ आहे.
बाभळीकडं ये. इथं चर होता.
मी नवी नवरी होते तवा
पोरं मासे धरायची त्यात.
बहात्तरात तुझ्या आज्ज्यानं आन् माझ्या मामंजींनी
दोघांनी मिळून बुजवला.
पाणी ओढ्याला जातंय म्हणून."

खणत गेलो.
बाभळीची मुळं, एक गंजका फाळ,
कुणाच्या तरी चपलेचा तळ,
मग मुरूम.
पाणी आधी करंगळीएवढं आलं,
थबकलं,
मग मनगटाएवढं,
मग त्यानं आमच्याकडं बघितलंच नाही.
उडीद डाव्या हाताला कोरडा,
तूर उजव्या हाताला,
मधून ओढ्याकडं जाणारा आवाज.
शरणव्वा बॅटरी धरून उभी होती,
मधेच विझवायची, सेल वाचवायला.

"लगेच आत शिरू नको," जाताना म्हणाली,
"पाय देशील तिथं माती मुकी होईल.
वाफसा येऊ दे."

चार दिवस मूठभर माती दाबून पाहिली.
बोटांना चिकटली की
घरी जायचं.
पाचव्या दिवशी गोळा टाकला, तो फुटला.
कोळपं घातलं, बुडांना भर लावली,
मुळांपर्यंत वारा जावा एवढीच मातीची उलथापालथ.

खालची सात तासं गेली ती गेलीच.
वरच्या रोपांचे शेंडे अजून पिवळे,
पण काल एका पानाच्या शिरेशी
हिरवं दिसलं,
किंवा उन्हामुळं तसं वाटलं.

उन्हाळ्यापर्यंत चरात गाळ साचेल.
तो कुणी काढायचा
ते ठरायचं राहिलंय.
मी विषय काढला तर शरणव्वा म्हणते,
आधी तूर घरात येऊ दे,
मग निवांत भांडू.