दोन स्टेशनांमधलं अंतर

ओताकार मागच्या स्टेशनावर उतरला.
सॅकमध्ये लाल रंगाचा डबा, ब्रश, पावाचा तुकडा.
झाडांवरच्या पुसटलेल्या खुणा
दर वसंतात तोच रंगवतो, फुकट.

यंदा माझ्या गुडघ्यांनी नाही म्हटलं.
मी गाडीतच बसून राहिले.
अकरा मिनिटं.
त्याला चार तास.

खिडकीतून आमची वाट दिसली, तुटक तुटक:
साझावा नदी, ओढ्यावरची फळी,
स्प्रूसचं रान,
मग बोगदा.

फलाटावर एकच बाकडं. थर्मासमधला चहा निवला.
स्टेशनमास्तरीण म्हणाली, "लिबुशेबाई, वाट चुकले असतील."
मला हसू आलं.
खुणा त्याच्याच हातच्या.

तिसऱ्या प्रहरी आला, बाहीला लाल डाग,
आणि बूटही न सोडता सांगत सुटला
कुठे कुठे थांबलो असतो आपण.