पाण्याचा रकाना

थर्माकोलची खोकी बाहेर काढून
संघानं जी खोली दिली, तिला जवळ्याचा वास होता.
अजून आहे. फिनेल हरलं.
दारावर रंगाऱ्यानं लिहिलं, 'प्रकल्प कश'.
क्ष जमला नाही म्हणाला, शंभर रुपये कमी द्या.

नारळ फोडून झाल्यावर चेअरमन पावसकर म्हणाले,
"बाई, आपले प्रकल्प किती आहेत
ते एकदा आम्हालाच सांगा."
मी हसले.
त्यांनी विनोद केला नव्हता.

पहिला महिना नुसता मोजण्यात गेला.
ठरावाच्या वह्यांतून चौदा निघाले,
पासबुकांतून आणखी तीन,
आणि दाभोळ खाडीच्या काठाला, रुईच्या झुडपात,
नुसता एक पाया सापडला,
चार सळया वर आलेल्या, गंजून पापुद्रे सुटलेल्या.
कशाचा, कुणाला आठवेना.
मी त्याला क्रमांक दिला: अठरा.
नाव, माहीत नाही. जबाबदार, माहीत नाही.
फीत नारळाच्या दिवशी कापली होती,
पण माझ्या लेखी कक्ष सुरू झाला तो त्या संध्याकाळी.

शुक्रवारी बोटी धक्क्याला असतात,
म्हणून बैठक शुक्रवारी, नमाज आटोपल्यावर.
फळ्यावर तीन खडू:
हिरवा, ठीक चाललंय.
पिवळा, अडतंय.
तांबडा, अडलं.
तीन महिने फळा भाताच्या खाचरासारखा.
जो तो यायचा, हिरवा उचलायचा, चहा प्यायचा.
मग हसनमियाँ सोलकर,
जे बैठकीत कधी बोलत नाहीत,
निघता निघता फळ्याकडे बघून म्हणाले,
"धक्क्याच्या पायरीवर एवढं हिरवं दिसलं
तर आम्ही चपला हातात घेतो."

पुढच्या शुक्रवारी भागीरथी चोगलेनं तांबडा उचलला.
सुकटीच्या ओट्यांचे पैसे आलेत,
पण जागेवर सरपंचाच्या मेव्हण्याची होडी,
सात वर्षं, उपडी.
खोलीत पंख्याचा तेवढा आवाज.
मग मागच्या बाकावरून कुणी हात पुढे केला.
तांबडा खडू एकच होता.
मोडून दिला.

माझा तक्ता पुण्यात शिकलेला.
काम, माणूस, पैसा, तारीख, सगळ्या रेघा सरळ.
"सात तारखेला दगडाची बार्ज," मी वाचलं.
भागीरथी म्हणाली, "साताला अष्टमी. भांगाचं पाणी.
भरली बार्ज खाडीच्या तोंडाला रेतीवर बसेल.
आठ दिवस थांबा, अवसेच्या उधाणाला आणा."
कंत्राटदार म्हणाला, करारात तारीख आहे.
ती म्हणाली, "मग करारावर खाडीची सही दाखव."
त्या रात्री मी एक रकाना वाढवला: पाणी.
लॅपटॉपशेजारी आता पंचांग असतं,
पानांना मीठ लागून फुगलेलं.

बर्फाचा कारखाना बंद करायला मात्र
अकरा बैठका लागल्या.
कारखाना कधी उभा राहिलाच नव्हता,
पण यशवंत डोर्लेकर नऊ वर्षं त्याचे प्रमुख होते,
मुलीच्या लग्नपत्रिकेत तसं छापलेलं.
शेवटी ते स्वतःच उठले,
खडू मागितला, 'बंद' लिहिलं,
अनुस्वार जरा मोठाच पडला.
हात झटकले, आणि पाठमोरेच विचारलं,
"पुढच्या शुक्रवारी मी यायचं की नाही?"

या, मी म्हटलं. अठरा नंबर तुमच्याकडे.

परवा ओहोटीला पलीकडून येताना
फेरीबोटीतून दिसले.
रुईच्या झुडपात वाकून,
टेपचं एक टोक चपलेखाली दाबून,
पाया मोजत होते.