एक हजार चार

पाटोवर, तिसऱ्या मजल्यावर, रात्री साडेअकराला
कूळ संघाचं सगळं दप्तर
जुन्या सर्व्हरवरून नव्यावर आलं.
चोडणच्या चौदा मानशी,
कुणी भरती आत घेतली, किती वाजता,
कुठल्या बांधाला किती चिखल, किती मजूर,
वर्गणी कुणाची थकलीय.
एक फाइल हरवली नाही.

फक्त पान उघडेना.
परवानगी नाही, एवढंच म्हणालं,
न रागावता.

यादी काढली. मालकाच्या रकान्यात
वरपासून खालपर्यंत एकच नाव: साईल.
साईल परवा लागलाय.
त्याला अजून कॉफीचं यंत्र जमत नाही
आणि सहा वर्षांचा हिशोब त्याच्या मालकीचा!

यंत्राला नावं कळत नाहीत, आकडे कळतात.
तिथे एक हजार चार म्हणजे आवेलीन कुलासो.
इथे तो आकडा मोकळा होता,
पुढच्या माणसाला मिळाला.

आवेलीन स्विंडनला जाऊन दोन वर्षं झाली.
घराची किल्ली शेजारच्या मारियानकडे;
ती रविवारी मिसा आटपून दारं उघडते,
थोडा उजेड आत सोडते, पुन्हा लावते.
वाचते म्हणा.
लिहीत नाही.

"सात सात सात मार आणि झोप,"
उल्हास फोनवर म्हणाला. "सगळ्यांना सगळं."
टाइप करून झालं होतं.
बोट एंटरवर.

माझे बाबा नऊ नंबरच्या मानशीवर राखणीला होते.
तिची दारं ओहोटीला आपसूक उघडायची,
भरतीला आपसूक मिटायची;
बाबांचं काम, त्यांच्यामध्ये कुणी
काठी घालत नाही ना, ते बघणं.
एका अमावास्येला कुणीतरी घातली,
चार टोपल्या मासळीसाठी.
त्या शेतात दोन वर्षं
कोरगूटसुद्धा उगवला नाही.
दार कुणी मोडलं नव्हतं.
उघडं होतं, इतकंच.

तीन साते पुसली.

वाचायचे चार, लिहायचे दोन, चालवायचा एक.
बेरीज करत बसले, फोल्डरमागून फोल्डर:
सचिवांना सहा, सभासदांना चार,
वाटेवरच्याला शून्य.
नोंदी लिहिणाऱ्या प्रोग्रामला
त्याची स्वतःची एकच खोली.

तळाशी एक फाइल सापडली,
कुठल्याच पानाला न जोडलेली.
आवेलीनने लिहिलेलं: नऊची बिजागरी गंजलीय,
जुझेला सांगणे.

तिच्या नावाचं खातं उघडलं. नवा आकडा,
पासवर्ड नाही, आत यायची वाट नाही.
नुसतं नाव. ती फाइल त्याच्या नावावर केली.

सकाळी साईल आला, कप घेऊन,
कपात नुसतं गरम पाणी.
"काल माझ्या नावावर काहीतरी होतं म्हणे?"
"चौदा मानशी."
"कधी?"
"साडेअकरा ते पावणेतीन."
तो जरा वेळ उभा राहिला.
"मग," म्हणाला, "भरती कितीला होती?"