दुरुस्ती

प्रश्न चौदावा : येण्याजाण्याचा खर्च.
नाझिब्रोलाबाईंनी बोटांवर मोजून सांगितलं,
कुताइसी ते तिबिलिसी, अकरा खेपा,
खेपेला ऐंशी लारी.
शेजारी ओतार
मफलरमध्ये हनुवटी खुपसून
बाहेरचं अक्रोडाचं झाड बघत होते.

पुढे ते आलेखातली एक पायरी झाले.
सातव्या महिन्यात रेघ
केसभर खाली उतरते, तिथे.
त्यांच्या ओळीतला खर्चही तिथेच थांबला.
मेलेला माणूस स्वस्त पडतो,
हे वाक्य अहवालात मी
दुसऱ्या शब्दांत लिहिलं आहे.

मार्चमध्ये फोन आला.
"पोरी, ते ऐंशी लारी खोडून टाक.
जुम्बेरने कधी पैसे घेतलेच नाहीत,
पेट्रोलचेसुद्धा.
तेव्हा ओतार समोर होता.
त्याला सांगायचे, शिलाईतून देते म्हणून.
फुकट बसला नसता तो गाडीत.
आता कुणापासून लपवू?
माझ्यापायी तुमचा हिशेब नको चुकायला."

आकडा पुसला. शून्य.
एकशे ब्याण्णव घरांची सरासरी
साडेचार लारींनी खाली आली.
मध्यक जागचा हललासुद्धा नाही.

पण नियम असा आहे
की फुकटची मदतही मोजायची,
तिच्या वेळेला मजुरीचा दर लावायचा.
म्हणून जुम्बेरला फोन केला.
मागे इंजिन चालू होतं.
"कसल्या खेपा?" तो म्हणाला,
"मला तिबिलिसीत तसंही काम असायचं."

अकराही वेळा?

"अकराही वेळा.
लिहून घ्या."