पेवावरचा कोबा

कागद म्हणजे क्लच प्लेटच्या खोक्याचं झाकण.
त्यावर मी खडूनं दोन चौकोन काढले,
अकरा फुटांच्या अंतरावर.
हे लिफ्टचे पाय.
मधे गाडी. गाडीखाली मी,
उभा.

उभा हा शब्द मी दोनदा गिरवला.
एकवीस वर्षं पोत्यावर पाठ टेकून
हरिपूर रोडच्या गाड्या पोटाकडून ओळखल्या.
माणसाचं तोंड बघून नाव आठवत नाही मला अजून,
ऑइल पॅन दाखवा, सांगतो कुणाची ती.

कंपनीचं पोरगं फोनवर म्हणालं,
तीन इंचाचा कोबा नाही चालणार, काका.
सहा इंच पाहिजे. एम-पंचवीस. खाली सळईची जाळी,
बोल्टच्या फूटभर जवळ सांधा नको,
आणि पायाखाली उतार नको, केसाएवढाही.
मग धुतलेलं पाणी जाईल कुठं?
ते तुमचं तुम्ही बघा, म्हणालं.

इलाही मिस्त्री पाण्याची नळी घेऊन आला,
एक टोक माझ्या हातात, एक त्याच्या,
आणि बराच वेळ आम्ही दोघं
नळीतलं पाणी शहाणं व्हायची वाट बघत राहिलो.
ही काळी, तो म्हणाला,
उन्हाळ्यात आ करते, पावसाळ्यात गाल फुगवते.
हिच्यावर चार टन उचलायचे म्हणजे
गादीवर पाटा मांडून चटणी वाटायची.
तीन फूट काढू. मुरूम भरू. मग बोल.

पहार चालली.
ठक. ठक. ठक.
डाव्या चौकोनात
ढब.

इलाहीनं पहार बाजूला ठेवली, हळू,
झोपलेल्या माणसाजवळ ठेवावी तशी.

पायगोंडा मगदूम आले, चौऱ्याऐंशीचे, कानानं कमी.
त्यांनी चपला काढल्या,
लिंबाच्या बुंध्यापासून सात पावलं मोजली
आणि तळव्यांनी ऐकलं.
आमच्या थोरल्यांचं पेव, म्हणाले.
दोनशे पोती मावायची. तोंड घागरीएवढं,
पोट मात्र व्याह्यांच्या घरासारखं, किती आलं तरी आत.
कुणी उतरू नका रे. आधी कंदील सोडा.

कंदील दहा हात गेला
आणि विझला.

रात्रभर तोंड उघडं ठेवलं.
सकाळी इलाहीचा भाचा दोर बांधून उतरला,
वर आला तो कोपरापर्यंत पिवळा,
मुठीत एक हळकुंड.
पायगोंडांनी ते कानाशी नेऊन मोडलं.
कट्.
एवढं मात्र त्यांना ऐकू आलं.
चांगला माल होता, म्हणाले,
आणि दोन्ही तुकडे बंडीच्या खिशात टाकले.

भरून घेऊ, लगेच ओतू, मी म्हटलं.
इलाही हसलाही नाही.
भरलेली माती दोन पावसाळे खाली बसत राहते, शेठ.
बोल्ट काय, तुम्हीच आत जाल.

मग झाकण उलटं केलं.
पुन्हा दोन चौकोन, या खेपेला आडवे,
दोन्ही भरीव आवाजावर.
दार पूर्वेकडून काढून उत्तरेला.
गाडी आता रस्त्यावरून वळसा घेऊन तिरकी आत येणार,
नवीन ड्रायव्हर शिव्या देणार, देऊ देत.
पेवात पंधरा ब्रास मुरूम, थरावर थर, पाणी मारून.
विमलनं हिशेबाच्या वहीत तो आकडा लिहिला,
वही मिटली,
आणि लिफ्ट ताडपत्रीत दिवाळीपर्यंत झोपेल एवढंच बोलली.

स्लॅब पडला तेव्हा शुक्रवार होता.
मातीचे बांध घालून कोब्यावर पाणी साठवलं,
अठ्ठावीस दिवस,
माझ्या गॅरेजात कधी नव्हती एवढी स्वच्छ जागा.
पत्र्याची सावली त्यात. एक साळुंखी येऊन न्हायची.

एकोणतिसाव्या दिवशी बांध फोडले.
मी मधोमध जाऊन उभा राहिलो,
दोन्ही हात डोक्यावर,
पंजे पसरून, मान जराशी मागे.
इलाही दारातून म्हणाला, काय करताय?

थांब जरा, म्हटलं.
सायलेन्सर बघतोय.