गाळणकागद

सकाळी सातला छतावर चढायचं,
यंत्राचं झाकण उघडायचं,
चिमट्यानं कालचा कागद काढायचा, आजचा ठेवायचा.
काल ठेवला तेव्हा पांढरा होता.
आता चहात बुडवून विसरलेल्या
बिस्किटाच्या रंगाचा.

खाली येऊन, दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबून,
तो काट्यावर ठेवायचा.
काटा इतका हळवा
की आकडा स्थिर होईपर्यंत मी श्वास रोखते.
श्वास रोखायची सवय
झाबोलमध्ये सगळ्यांनाच आहे.

वहीत रकाने चार: तारीख, वेळ, वजन, शेरा.
शेऱ्यात मी लिहिते, वारा वायव्येचा.
चोवीस तासांचा ऐवज, चमचाभरही नाही.
अकरा वर्षं मी असं
थोडं थोडं करून
हामून सरोवर मोजते आहे.

बाबा, म्हणजे खुदानझर, तूतन बांधायचे.
लव्हाळ्याच्या मोळ्या, लव्हाळ्याचाच दोर,
खिळा एकही नाही.
होडी एका हंगामात कुजायची, मग नवी.
पाणी असलं की कुजणंसुद्धा
वेळच्या वेळी होतं.
शेवटची कुजली नाही.
भिंतीला टेकून
धूळ खात पडली आहे.
तेच तर आम्हीही खातो,
दातांखाली करकर, भाकरीत, डाळीत,
लग्नाच्या भातातसुद्धा.

वारा नवा नाही, बाबा म्हणतात.
एकशेवीस दिवसांचा हा पाहुणा
आजोबांच्याही आधीपासून येतो.
तेव्हा आई वायव्येच्या खिडकीत
उंटकाट्याच्या जुड्या रचायची, वर पाणी शिंपडायची.
वारा सरोवरावरून यायचा,
काट्यांतून गाळून घरात शिरायचा,
आणि ऐन आषाढासारख्या तापात
दुपारी पायांवर चादर लागायची.
चादरीला शेवाळाचा वास.

त्या खिडकीत आता विटा आहेत.
दादानं एका रात्रीत बसवल्या,
मेहरगुलचा दम पहिल्यांदा उठला त्या रात्री.
ती आता सात वर्षांची.
दप्तरात पेन्सिल, डबा, फवाऱ्याचं औषध.
विचारते, आत्या, गाय खरंच पोहायची?
पोहायची गं.
सकाळी लव्हाळ्यात जायची,
संध्याकाळी शिंगाला हिरवं गुंडाळून परत.
ती हसते, हसता हसता खोकते,
मग आम्ही दोघी थांबतो.

परवा एक कागद फाटला.
काढताना झोत आला आणि कोपरा गेला.
नियमाप्रमाणे: रद्द.
तेहरानला पाठवायचा नाही, फेकायचा.
मी तो पाकिटात घालून घरी नेला.
का, ते सांगता येणार नाही.

बाबांनी तो उन्हाकडे धरला नाही, वास घेतला नाही.
बोट ओलं करून त्यावर टेकवलं
आणि जिभेवर ठेवलं.
अहो, विष असतं त्यात, मी ओरडले,
शिसं असतं, कसलीकसली औषधं असतात शेतांतली.
ते डोळे मिटून, जबडा हलवत,
मिठाची चव तपासणाऱ्या आचाऱ्यासारखे.

मधलं नाही हे, म्हणाले.
मधलं कडू. हे खारट, पण मऊ.
ख्वाजा टेकडीच्या मागच्या अंगाचं.
तिथे गाझदादचं जाळं अडकलं होतं,
सोडवायला मी उतरलो.
पाणी इथपर्यंत.
आणि बसल्या बसल्या त्यांनी
हात कमरेशी आडवा धरला.
बराच वेळ तसाच.
खाली चटई होती.

दुसऱ्या दिवशी सातला
छत, झाकण, चिमटा, काटा.
तारीख लिहिली, वेळ लिहिली, वजन लिहिलं.
शेऱ्यात लिहिलं: वारा वायव्येचा,
खोली कमरेएवढी.

दुपारी तेहरानहून फोन आला.
मुलगा तरुण होता, आवाज धुतल्यासारखा स्वच्छ.
बाई, ही खोली कसली?
मी म्हटलं, लिहिण्यात चूक झाली असेल.
मग दुरुस्त करा, तो म्हणाला.
करते, म्हटलं.

खोडलं नाही अजून.