वरीलप्रमाणे

नीमाच्या गावी, म्वांझात,
संध्याकाळचे सात वाजले की एक वाजतो.
दिवस मावळला की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून.
हे तिनं सांगितलं शनिवारी,
पाम बीच ओलांडायला सिग्नलशी थांबलो तेव्हा,
तोंडी परीक्षेतली खांद्याच्या स्नायूंची नावं
अजून आमच्या जिभेवर होती.

"म्हणजे आत्ता?" सनोबरनं विचारलं.
"आत्ता एकला दहा कमी.
संध्याकाळ अजून सुरूच झालेली नाही."

मग आम्ही घाई सोडली.

हरेश भोईर सारसोळेचा.
जेट्टीवर घेऊन गेला काकाची होडी दाखवायला.
होडी चिखलात कलंडलेली, एका कुशीवर,
जेवून आडवं झालेल्या माणसासारखी.
खारफुटीच्या मुळांशी निवट्या टुणटुणत होत्या.
"पाणी कुठे गेलं?"
नीमा खरंच घाबरली.
तिच्या सरोवराचा पलीकडचा काठ दिसत नाही,
पण ते असतं तिथंच असतं,
उठून कुठे जात नाही.
"येल गो परत," हरेश म्हणाला, "नवाला."
तिनं बोटांवर मोजलं. "तिनाला."

मी परतूरची.
आमची दुधना गेली की कधी येईल
हे कुणी तासांत सांगत नाही.
मी गप्प राहून चिखलाकडे बघत बसले,
त्यात कुठलंतरी विमान
लाल-हिरवं होत सरकत होतं.

मक्याच्या गाडीपाशी एक कुटुंब थांबलं.
वडिलांनी मोबाइल काढला,
लेकीला पुढे ढकललं, "दीदीसोबत एक फोटो."
हे रोजचंच.
पहिल्या वर्षी ती खोलीत येऊन रडायची,
दुसऱ्या वर्षी भांडायची.
यंदा स्वच्छ मराठीत म्हणाली,
"फोटोचे पन्नास. केसांना हात लावायचा, तर वीस वेगळे."
ते बिचारे खिसा चाचपू लागले.
मुलगी मात्र केसांकडे बघतच नव्हती,
तिची नजर कणसावर.
नीमानं ते मधोमध मोडलं,
तिखट-लिंबू लावलेला अर्धा तुकडा तिला दिला.
फुकट.
फोटो राहूनच गेला.

"याला आमच्यात माहिंदी म्हणतात," ती दाणे चावत म्हणाली,
"आणि तुम्हा लोकांना म्हिंदी.
फरक फार नाही."
"म्हणजे आम्ही भाजलेले?" सनोबर.
"तू नाही. तू उकडलेली."
यावर हरेशला इतका ठसका लागला
की मकेवाल्यानं स्वतःची पाण्याची बाटली दिली.
मग शब्दच शोधत बसलो चौघं, कट्ट्यावर:
दुकान तिच्याकडे दुका,
रंग रांगी, दुनिया दुनिया,
हिशोब हेसाबू.
कुठल्या गलबतात कोण काय विसरून गेलं होतं
देव जाणे.
आईला काय म्हणतात, मी विचारलं.
"मामा," म्हणाली,
आणि थोडा वेळ मका खाल्लाच नाही.

तिनाला पाणी आलं.
आवाज न करता, बाजारातून परतल्यासारखं.
होडी आधी हलली, मग सरळ झाली.
नीमानं टाळ्या वाजवल्या, एकटीनंच,
आणि मग आम्हीही,
जन्मभर भरती बघितलेला हरेशसुद्धा.

रिक्षात चौघं.
हरेश ड्रायव्हरशेजारी, अर्धा बाहेर.
नीमाचं डोकं माझ्या खांद्यावर,
त्या स्नायूचं नाव मला आता आठवेना.

हॉस्टेलचं कुलूप दहाला.
दहा वाजून पाच झाले होते.
सुर्वेबाईंनी वही पुढे सरकवली,
चष्म्यातून नाही, चष्म्यावरून बघत.
आल्याची वेळ, या रकान्यात
नीमानं शांतपणे लिहिलं:
चार वाजून पाच मिनिटं.
खाली सही.

बाईंनी वाचलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.
"पहाटे का दुपारी?"
"रात्री," नीमा म्हणाली.

पुढचा नंबर माझा.
तिच्या ओळीखाली मी लिहिलं,
वरीलप्रमाणे,
आणि पेन सनोबरकडे दिलं.